पायाळूची टाच आणि आठ नंबर

मी एका व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कमरेत लाथ घातली. एक नाही, तीन. आणि तेवढ्यावर न थांबता त्याला वर सांगितलं, “खलास! आता जा आणि खेळ.”

आधीच कबूल करून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट निघाली की मुलगा ती त्याच्या पद्धतीने सांगतो, नात तिच्या, आणि दोघांच्याही गोष्टीत मी आहे त्यापेक्षा जाडी असते. त्यापेक्षा मूळ गुन्हेगाराकडूनच ऐकलेलं बरं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे मागे वळून बघितलं की तिचा कान धरून तिला कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. गळ्यात रोझरी, पायात रबरी सपाता आणि डोक्यात हवा. स्वतःला काय समजत होती देव जाणे.

आम्ही फुजैरात पाचव्या मजल्यावर राहतो. मागच्या खिडकीतून कोरडे डोंगर दिसतात, पुढच्या खिडकीतून समुद्र आणि तेल भरून घ्यायला नांगर टाकून थांबलेली जहाजं. वसईहून लग्न करून आले ती इथेच. नवरा एका शिपिंग एजन्सीत हिशेब बघायचा आणि मी त्याच ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. नवरा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा तेलाच्या टर्मिनलवर नोकरी करतो आणि दिवसभर फोनवर कुणाला तरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत असतो. सून एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे आणि स्कॅन काढते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, म्हणजे माझा मूर्खपणा किती मोठा होता ते कळेल. आणि नात, तेव्हा तेरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं उत्तम जमतं.

समोरचा फ्लॅट एका फुटबॉल क्लबने परदेशी खेळाडूंसाठी घेतलेला होता. आधी तिथे एक ब्राझीलचा होता, तो दारं आपटायचा. मग एक सेनेगलचा आला, तो नुसता हसायचा. आणि मग ऐन ऑगस्टात, चष्म्याच्या काचा घराबाहेर पडताच धुरकटतात त्या दिवसांत, हा मेक्सिकोचा पोरगा आला. एकवीस वर्षांचा, काटकुळा, केस कानांवर आलेले. दोन बॅगा, आणि चादरीत गुंडाळलेली मारियामातेची तसबीर. लिफ्टमध्ये चादर घसरली, मला तसबीर दिसली, आणि मी त्याला पाचव्या मजल्यापर्यंत पोचायच्या आत दत्तक घेऊन टाकलं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या पाठीवर आठ होता, म्हणून आमच्या घरात तो आठ नंबर. तो मला ‘आबुएला’ म्हणायचा, त्याच्या भाषेत आजी. सुरुवातीला आम्हाला एकमेकांचं एवढंच कळायचं. बाकी सगळं हातवारे, मोडकं इंग्रजी आणि त्याचा फोन. फोनमध्ये तो स्पॅनिशमध्ये बोलला की आतली एक बाई ते मराठीत सांगायची, अगदी रेडिओवरच्या बातम्यांसारखं.

पोरगा स्वस्थ म्हणून बसायचा नाही. लिफ्टची वाट बघताना टाचा वर-खाली. जेवायला बसला की गुडघा हलतोय, टेबलावरचे पेले किणकिणतायत. एकदा मी फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळून ठेवले होते, तर हा बोलता बोलता टेबलाखाली एक फुगा पायावर झेलत होता. मी म्हटलं, “अरे, अन्न आहे ते!” तर त्याने तो फुगा पायावरून उडवून हातात घेतला, क्रूस केला आणि खाऊन टाकला. आता याला काय म्हणायचं?

त्याची अस्वस्थता नुसती वयाची नव्हती, हे मला हळूहळू कळलं. अकराव्या वर्षी एका मोठ्या क्लबने त्याला गावातून उचलून वसतिगृहात ठेवलं होतं. सतराव्या वर्षी मोठ्या संघाच्या बाकावर बसवलं. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या क्लबला उसना दिला, विसाव्या वर्षी तिसऱ्याला, आणि आता समुद्रापलीकडे इथे. आपल्याकडे लग्नकार्याला शेजारचं मोठं पातेलं आणतात ना, तसं. पातेलं परत जातं तेव्हा मालकीण आधी ते उलटं करून बुडाला पोचा आलाय का ते बघते. या पोराचं डिसेंबरअखेर परत जायचं ठरलेलं होतं. त्याआधी इथल्या क्लबने त्याला ठेवून घेतलं नाही किंवा दुसऱ्या कुणी नेलं नाही, तर मेक्सिकोतला क्लब त्याला मोकळा करणार होता. मोकळा म्हणजे बापाच्या टायरच्या दुकानात. दहा वर्षं वसतिगृहात काढून, आईला वर्षातून दोनदा भेटून, शेवटी पंक्चर काढायचं.

“पण हा खेळतो काय?” मी नातीला विचारलं. “गोल तर कधी करत नाही.”

“ही इज अ मिडफिल्डर, ग्रॅनी. ही कनेक्ट्स एव्हरीवन.”

हे मात्र मला लगेच कळलं. बोर्डावर मी दुसरं काय करत होते? एका कानात ग्रीक कप्तान ओरडतोय, दुसऱ्या कानात आमचा साहेब ओरडतोय, आणि मधल्या बाईने दोघांना गोड आवाजात जोडून द्यायचं. जहाजात तेल भरलं गेलं की नाव साहेबाचं. तेव्हा माझा तोरा असा की शेजारच्या खोलीतून नवऱ्याने ‘डब्यात काय आहे’ विचारायला फोन केला तरी मी ‘होल्ड द लाइन, प्लीज’ म्हणून त्याला तीन मिनिटं ताटकळत ठेवायचे.

तर नोव्हेंबरातला एक रविवार. चर्चमध्ये मिस्सा करून आम्ही आलो, आठ नंबर जेवायला होता. सुकटीची चटणी त्याने पावाला लोण्यासारखी फासली आणि वर लिंबू पिळलं. जेवता जेवता माझ्या मुलाला चेष्टेची लहर आली. म्हणाला, “आठ नंबर, तू एकटाच नाहीस इथे किक मारणारा. आमची मम्मी तुझ्याहून जुनी प्लेअर आहे.” आणि त्याने फोनमधल्या बाईला मधे घालून त्याला माझी सगळी कीर्ती सांगितली.

मी पायाळू. जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले आणि मग डोकं. माझी आई म्हणायची, तेव्हापासून तुझं असंच, आधी पाऊल टाकायचं आणि मग डोकं चालवायचं. कमरेत उसण भरून माणूस वाकडा झाला की पायाळूची लाथ लागली पाहिजे, ही आमच्या गावात सगळ्यांची खात्री. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून सकाळी अंगणात माणसं पालथी पडलेली असायची. मासे विकणाऱ्या बायका, बैलगाडीवाले, एकदा तर आमचे शाळेचे मास्तर. त्या मास्तरांनी आदल्या दिवशी माझ्या हातावर छडी मारली होती. त्यांना मी तीनाऐवजी पाच घातल्या, त्यातल्या दोन माझ्या स्वतःच्या खात्यातल्या. मास्तर बरे झाले, हे विशेष. फादरांनी एकदा प्रवचनात या अंधश्रद्धेचा चांगला समाचार घेतला, आणि महिन्याभराने पाठ धरून तेच मागल्या दाराने आले. एवढं सगळं बालपणी झाल्यावर एखादीच्या डोक्यात हवा न जाईल तर काय?

सगळे हसले. आठ नंबर तेवढा हसला नाही. तो टेबलाखाली वाकून माझ्या पावलांकडे बघत होता. मला वाटलं, पोराला वडीलधाऱ्यांचा आदर आहे.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. मुलगा-सून कामावर, नात सर्दी म्हणून शाळेला दांडी मारून घरी. दार उघडलं तर आठ नंबर एका बाजूला कललेला, हात कमरेवर, कपाळावर घाम. त्याने माझ्या पायांकडे बोट दाखवलं, हात जोडले, आणि फोन पुढे धरला. फोनमधली बाई स्पष्ट उच्चारात म्हणाली, “कृपया मला लाथ मारा.”

नात सोफ्यावरून खाली पडली हसून.

“डॉक्टर?” मी विचारलं. एवढी तरी बुद्धी मला झाली म्हणायची.

त्याने मान जोरात हलवली. “नो डॉक्टर, आबुएला. डॉक्टर से, नो प्ले.” मग त्याने बोटाने हवेत चौकोन काढला, आत कुणीतरी बसलंय असं दाखवलं, वहीत लिहिल्याची खूण केली. नातीने उलगडून सांगितलं. शुक्रवारच्या सामन्याला पोर्तुगालच्या एका क्लबचा माणूस येणार होता. फक्त याला बघायला. तो एकच सामना बघून परत जाणार होता.

इथे मी थांबायला हवं होतं. माझी सून अवघ्या दहा मिनिटांवर माणसांच्या हाडांचे फोटो काढत बसली होती. तिला एक फोन केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण फोन कसला करते! माझी ख्याती फुजैराच्या पाचव्या मजल्यावरून मेक्सिकोपर्यंत पोचली होती, मला काय जमिनीवर पाय ठेवायला वेळ होता? मी गालिचा झटकला.

आमच्या घरची पद्धत अशी की माणसाचं डोकं पूर्वेला करायचं. मी त्याला झोपवला, पाऊल उचललं आणि लक्षात आलं की डोकं पश्चिमेला आहे. वसईला समुद्र पश्चिमेला. इथे तो पूर्वेला, सूर्य जहाजांच्या मागून वर येतो. इतकी वर्षं इथे काढूनही माझं शरीर अजून समुद्र बघितला की त्याला पश्चिम समजतं. पोराला पुन्हा कण्हत कण्हत फिरवला.

“ग्रॅनी, यू कान्ट जस्ट किक अ मिडफिल्डर!”

“मग काय गोलकीपरची वाट बघू?”

डावी टाच. एक. दोन. तिसरीला कट् असा आवाज झाला.

तो आवाज माझ्या टाचेचा होता की त्याच्या कमरेचा, की गालिच्याखालच्या फरशीचा, तेव्हा मला प्रश्नच पडला नाही. तो हळूहळू उठला. उभा राहिला. सरळ! डोळ्यांत पाणी. माझा हात घेऊन त्याने कपाळाला लावला. आणि मी, चौसष्ट वर्षांची ती शहाणी, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, “खलास! आता जा आणि खेळ. गो, प्ले.” नातीला दम दिला की आईला यातलं अक्षर सांगायचं नाही. आणि पुढचे तीन दिवस मी घरात अशी फिरत होते, जशी काही शुक्रवारी मीच मैदानात उतरणार आहे. तिसऱ्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक चाची राहतात, त्यांना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगो, मग माझ्या गुडघ्याला पण दे की एक.”

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि नात सामन्याला गेलो. स्टेडियम लहानसं, अर्ध्याहून अधिक रिकामं. एका कोपऱ्यात ढोल वाजवणारी दहा-पंधरा मंडळी. नातीने मला पोर्तुगालचा माणूस दाखवला. पांढरा शर्ट, मांडीवर वही, शेजारी पाण्याची बाटली.

मी फुटबॉल आधीही बघितला होता, पण चेंडूकडे बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी चेंडू सोडून फक्त त्या पोराकडे बघितलं. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो दोनदा मागे वळून बघायचा. एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. चेंडू पायाशी येईपर्यंत त्याचं ठरलेलं असायचं की तो कुणाला द्यायचा. आणि दिला की लगेच दुसरीकडे, परत मोकळ्या जागेत, परत वळून बघायचं. टाळ्या पुढच्यांना. पोर्तुगालवाला मात्र गोल झाला तेव्हा लिहीत नव्हता, आमचा पोरगा नुसता मान वळवायचा तेव्हा लिहीत होता. मला एवढा आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, “मेरा पेशंट है.”

साधारण अर्ध्या तासाने मला एक गोष्ट दिसली. तो डाव्या बाजूला वळत नव्हता. डावीकडचा चेंडू असला तरी पूर्ण गिरकी घेऊन उजवीकडूनच यायचा. मान वळत होती, कंबर वळत नव्हती. मी बाकावरून उठले. बसले. परत उठले. मागचा कुणीतरी ओरडला, “अम्मा, बैठो ना!”

मग त्याने लांब पास द्यायला पाय मागे घेतला, चेंडू अगदी बरोबर पलीकडच्या कडेला जाऊन पडला, आणि तो खाली बसला. पडला नाही. ओरडला नाही. जमिनीवर जेवायला बसतात तसा, मांडी घालायचा प्रयत्न करत बसला, आणि तसाच राहिला.

स्ट्रेचर आलं. पोर्तुगालच्या माणसाने वही मिटली. माझी नात त्याच्याकडे बघत नव्हती, मैदानाकडेही बघत नव्हती. ती माझ्या पायांकडे बघत होती.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. स्कॅन सुनेच्याच हॉस्पिटलात होणार होता, पण शनिवारी मशीनला आधीची माणसं होती आणि रविवारी रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांच्या सहीसाठी थांबला होता. मी मजल्यावरचा व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. अकरा दारं. परत अकरा. स्वयंपाकघरातले सगळे खण रिकामे केले आणि काय कुठे होतं तेच विसरले. कालवणात दोनदा मीठ पडलं. मुलगा म्हणाला, “मम्मी, आज समुद्रच वाढलायस का?” रोझरी हातात घेतली तर कितवा मणी चालला आहे ते कळेना. सारखा तो आवाज कानात. कट्. बाथरूममध्ये दार लावून मी पाय धुण्याच्या मिषाने टाच उलटी करून बघितली. भेगा पडलेली, काळपट, म्हातारी टाच. हिने काय केलं असेल? समोरचं दार बंद होतं, आत तो एकटा आडवा पडलेला होता, आणि मला बेल वाजवायचं धाडस होत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सून घरी आली. पेशंटचं ती एरवी घरात काही बोलत नाही, पण त्यानेच तिला सांगितलं होतं की आबुएलाला सांगा.

“कण्याच्या खालच्या मणक्याला बारीक चीर आहे,” ती म्हणाली. “सहा महिने तरी खेळायचं नाही. नीट जुळली तर खेळेल. नाही जुळली तर कधीच नाही.” मग पाणी प्यायली आणि म्हणाली, “आणि क्लबचे लोक विचारतायत की दुखणं आधीपासून होतं का. त्याने लपवलं असेल तर करार आजच्या आज रद्द करता येतो त्यांना. मग उपचार नाहीत, फ्लॅट नाही, व्हिसा नाही. खलास.”

माझाच शब्द. तिला काय कल्पना.

“मी त्याला लाथ मारली,” मी म्हटलं.

“काय?”

“मंगळवारी. उसण म्हणून.”

“मम्मी, कशाने?”

म्हणजे मी बॅट घेतली होती असं तिला वाटलं की काय कोण जाणे. “टाचेने,” मी म्हटलं. “डाव्या.”

मुलगा हसायला लागला आणि बायकोचा चेहरा बघून अर्ध्यावर थांबला. सुनेने पेला नेऊन ओट्यावर ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, “घरात माझ्यासारखी स्कॅनवाली असताना?”

सोमवारी सकाळी मी टॅक्सी केली आणि क्लबवर गेले. कुणाला न विचारता. चांगली साडी नेसून गेले, तिचा काय उपयोग होणार होता ते मला आजही सांगता येणार नाही. आत एका खोलीत आठ नंबर बाकावर पालथा होता. खुर्चीवर पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब मॅनेजर, हातात चहाचा छोटा पेला. आणि इजिप्तचा डॉक्टर, टक्कल पडलेला, थकलेला. मी हिंदी आणि इंग्रजी एकत्र करून सगळं सांगितलं. पायाळू, उसण, पूर्व दिशा, तीन लाथा. मॅनेजरनी मला ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला मला शंका आली की त्यांना आधीच्या दोन वेळा कळलं होतं.

“हज्जा, पाय दाखव,” डॉक्टर म्हणाला, हाजला जाऊन आलेल्या म्हातारीला म्हणावं तसं.

“मी ख्रिश्चन आहे.”

“येस, हज्जा. पाय.”

मी सपात काढली. त्याने टाच बघितली, मग संगणकावर मणक्याचं चित्र लावलं आणि पेनाने एक करडी रेघ दाखवली. या चिरेच्या कडा बोथट झाल्यात, म्हणाला. ताजी असती तर धारदार दिसली असती. ही काही महिन्यांची आहे. लहानपणापासून हजारो वेळा एकाच बाजूला वळून चेंडू मारला की मणका असा झिजतो. “तुझ्या टाचेने झुरळसुद्धा मरणार नाही.”

माझ्या अंगातलं दोन दिवसांचं ओझं उतरतंय तोच त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. “पण मंगळवारी हा माझ्याकडे आला असता तर शुक्रवारी खेळला नसता, आणि चीर एवढी वाढली नसती. म्हणून टाच राहू दे. खेळ म्हणून कुणी सांगितलं?”

“मी.”

“आणि डॉक्टरकडे जायचं नाही, हे त्याने ठरवलं की तू?”

मॅनेजरनी पेला खाली ठेवला. बाकावरच्या पोराला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ‘डॉक्टर’ कळत होतं. त्याचे पाय बाकाच्या टोकाला हलत होते ते थांबले. त्या पोराला मी पहिल्यांदाच एवढा स्थिर बघत होते.

मी आयुष्यात बोर्डावर बसून खूप खोटं बोलले आहे. साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब दुबईला गेलेत, साहेब आत्ताच खाली उतरले. तेव्हा माझा आवाज कधी हलला नाही. त्या दिवशी हलला, पण बोलले. “मी. तो म्हणत होता डॉक्टरकडे जातो. मीच म्हटलं, गरज नाही, मी बरं करते. आमच्यात मोठ्यांना नाही म्हणत नाहीत. त्यांच्यातही तसंच असावं.”

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. मॅनेजरांनाही कळलं असणार, कारण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझीही आजी अशीच होती.” आणि डॉक्टरला अरबीत काहीतरी सांगितलं.

करार डिसेंबरपर्यंत राहिला. उपचार क्लबनेच केले. पुढे मात्र ठेवून घेतलं नाही, मोडका मिडफिल्डर कोण ठेवतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो गेला, कमरेला पट्टा बांधून. बॅगा माझ्या मुलाने उचलल्या, तसबीर नातीने. मी लिफ्टपर्यंत गेले, पुढे गेले नाही. त्याने मला मिठी मारली आणि काहीतरी बोलला, पण फोन खिशात होता आणि मला काही कळलं नाही. त्याची माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवून ठेवलं होतं, तेही राहूनच गेलं. लिफ्ट खाली गेली आणि मी परत अकरा दारं मोजायला लागले.

मेक्सिकोतल्या मोठ्या क्लबने उन्हाळ्यात त्याला मोकळा केला. टायरच्या दुकानात तो दोन महिने बसला, नातीला तिथून फोटो पाठवायचा, हात काळे. मग चीर जुळली, आणि दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या एका छोट्या क्लबने त्याला चाचणीवर घेतलं. आजही तो तिथेच आहे. पोर्तुगालचा फोन काही आला नाही, आणि आता येणारही नाही असं तोच सांगतो.

पण तो पहिला सामना मला बघायचा होता. त्यांची संध्याकाळ ती आमची सकाळ. नातीने शाळेच्या गणवेशातच स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मी बसू शकत नव्हते. ओट्यापाशी जायचे, परत यायचे, चहा गाळायला घ्यायचे, अर्धवट ठेवून यायचे. सत्तर मिनिटं तो बाकावरच होता. मग कॅमेरा कडेला गेला आणि तो दिसला. पाठीवर आता एकोणतीस. आत आला. चेंडू यायच्या आधी त्याने मागे वळून बघितलं, एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. आणि मग चेंडू घेऊन डावीकडे वळला. पूर्ण. कमरेतून. माझी सून ड्यूटीवर जायला निघाली होती, ती हातात चपला घेऊन दारातच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “जुळलंय.”

तासाभराने त्याचा व्हिडिओ कॉल आला, टीमच्या बसमधून. नात एव्हाना स्पॅनिशमध्ये त्याच्याशी भांडण्याइतकी तरबेज झाली होती. मी तिला म्हटलं, “त्याला सांग, वर्षभर माझ्या मनात एकच आहे. माझ्या लाथेवर विश्वास ठेवून तू त्या दिवशी खेळलास. मला माफ कर.”

तिने सांगितलं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला, बसच्या खिडकीकडे बघितलं, आणि बराच वेळ बोलत राहिला.

“अगं, काय म्हणतोय?”

“इट्स नथिंग, ग्रॅनी.”

“नथिंग काय? शब्द न शब्द सांग. आणि मराठीत सांग, मला अर्धवट नको.”

तिने एकेक शब्द शोधत सांगितलं, आणि मी तो तसाच लिहिते आहे:

“तो म्हणतो, ‘आबुएला, लाथेने हाड जुळत नाही एवढं मलाही कळत होतं. डॉक्टरला विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. आईला विचारलं असतं तर तीही नको म्हणाली असती. हो म्हणेल असं माणूस मी शोधत होतो, म्हणून तुझं दार वाजवलं.’”